बाबागाडी न्यावी की नाही?

सहलीचा बेत ठरतो, तिकिटे येतात, शिदोरीत काय घ्यावे याचाही निर्णय होतो. आणि निघण्याच्या आदल्या रात्री घरात एक प्रश्न उभा राहतो. धाकटे मूल तीन-साडेतीन वर्षांचे. ते चालते, धावते, जिने चढते. त्याच्यासाठी बाबागाडी बरोबर घ्यावी की नाही? आजीच्या मते एवढ्या मोठ्या मुलाला गाडीत बसवणे म्हणजे हसे करून घेणे. वडिलांच्या डोळ्यांपुढे मोटारीची डिकी आणि गर्दीतील रांगा. आई गप्प असते, कारण दुपारी तीननंतर ते मूल कोणाच्या कडेवर असणार हे तिला ठाऊक असते. प्रश्न वरकरणी अगदी घरगुती. परंतु त्याच्या पोटात जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. तो पाहिला म्हणजे ध्यानात येते की, या प्रश्नात मुलाच्या वयापेक्षा चालावयाच्या अंतराचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. सार्वजनिक आनंदाच्या जागी सर्वांत लहान पायांना, आणि त्या पायांना सांभाळणाऱ्या हातांना, कितपत वाव मिळतो हेही त्यातूनच ठरत असते.

या गाडीचे इंग्रजी नाव मोठे बोलके आहे. ‘प्रॅम’ हे ‘पेरँब्युलेटर’ या लांबलचक शब्दाचे संक्षिप्त रूप. मूळ लॅटिन धातूचा अर्थ हिंडणे, फेरफटका मारणे. मुलांच्या गाडीला हे नाव मिळण्यापूर्वी ते रस्ते मोजण्याच्या एका साधनाला होते. एक मोठे चाक, त्याला दांडा, आणि चाकाचे फेरे मोजणारी तबकडी. माणूस ते ढकलीत चालला की किती अंतर कापले याची नोंद होत असे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानातील इंग्रज सर्वेक्षकांनीही कित्येक वाटा अशाच चाकांनी मोजल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेच नाव बाळाच्या गाडीकडे आले. इंग्रजी शब्दाने चालणाऱ्याकडे पाहिले. मराठीने बसणाऱ्याकडे पाहिले आणि ‘बाबागाडी’ म्हटले. अंतर आणि बालक ही या कथेची दोन्ही टोके या दोन नावांत सापडतात.

कथेचा आरंभ मात्र एका सरदाराच्या बागेत होतो. इ. स. १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या प्रसिद्ध इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी एक छोटी गाडी तयार केली. तिची बैठक शिंपल्याच्या आकाराची होती. ड्यूकच्या घराण्याचे चिन्ह सर्प, म्हणून तिच्यावर सर्पांची नक्षी होती. आणि ती ओढण्यासाठी बोकडासारखे एखादे लहान जनावर जुंपावयाचे होते. ही गाडी मुलाला कोठे पोचवण्यासाठी नव्हती आणि आईचा भार हलका करण्यासाठी तर मुळीच नव्हती; ड्यूकच्या घरी भार वाहणाऱ्या माणसांचा तुटवडा नव्हता. ती मुलांची गंमत होती आणि घराण्याचे वैभव होते. आज करमणुकीच्या जागी जाण्यासाठी गाडी लागते. त्या काळी गाडी हीच करमणूक होती.

या खेळण्याचे साधन झाले ते पुढील शतकात, आणि तो बदल एका दांड्याने घडवला. आरंभीच्या गाड्या पुढून ओढावयाच्या असत. त्यामुळे ओढणाऱ्याची पाठ मुलाकडे होई. मागे मूल झोपले, रडले की खाली उतरले, हे वळून पाहिल्याखेरीज कळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दांडा मागे आला आणि गाडी ढकलता येऊ लागली. बाळ नजरेसमोर आले. बदल लहान, पण त्याने गाडी मातेच्या आणि दाईच्या हाती दिली. पदपथावरून चालणारे कुरकुरले. या गाड्या पायांना लागतात, वाट अडवतात, अशी त्यांची तक्रार होती. आजच्या गर्दीतली तक्रारही अगदी तीच आहे.

यानंतर गाडी सुधारत गेली. इंग्लंडमध्ये १८७७ साली स्थापन झालेल्या सिल्व्हर क्रॉससारख्या कारखान्यांनी स्प्रिंगांवर डुलणाऱ्या भारदस्त गाड्या बनवल्या. अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने १८८९ साली एका सुधारणेचे पेटंट मिळवले. त्याच्या गाडीतील पाळणा फिरवून मुलाचे तोंड ढकलणाऱ्याकडे अथवा रस्त्याकडे करता येई, आणि चाके स्वतंत्रपणे फिरत असल्याने ती थोड्या जागेत वळे. या गाड्यांचे राज्य होते ते लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्ससारख्या बागांत, गणवेशधारी दायांच्या हाती. जेम्स बॅरी यांच्या १९०४ सालच्या ‘पीटर पॅन’ नाटकातील हरवलेली मुले ही दाईचे लक्ष दुसरीकडे असताना गाडीतून पडलेली मुले आहेत. नाटककाराला ही कल्पना सुचावी इतकी बाबागाडी तोवर शहरी बालपणाशी एकरूप झाली होती. तथापि ती गाडी जड होती आणि घडी घालता येत नसल्याने घरापासून बागेपर्यंत व बागेपासून घरापर्यंत, एवढेच तिचे जग होते.

इकडे करमणुकीच्या जागांचे जग झपाट्याने विस्तारत होते. कोपनहेगन येथे १८४३ साली गेऑर्ग कार्स्टेन्सन यांनी उघडलेले तिव्होली उद्यान शहराच्या वेशीवरच होते; संध्याकाळी यावे, संगीत ऐकावे, चक्रात बसावे आणि परतावे, असा त्याचा आटोपशीर बेत. परंतु जागतिक प्रदर्शनांचे युग आले आणि पायांची परीक्षा सुरू झाली. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात थकल्या पाहुण्यांसाठी भाड्याच्या चाकाच्या खुर्च्या होत्या. १८९३ सालच्या शिकागोच्या प्रदर्शनाने तर ६०० एकरांहून अधिक जागा व्यापली होती. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले, म्हणून मराठी वाचकांना ते परिचित आहे. सहा महिन्यांत सुमारे पावणेतीन कोटी भेटींची नोंद तेथे झाली. तेथेही प्रौढांसाठी चाकाच्या खुर्च्या होत्या, आणि त्या ढकलण्याचे काम विद्यार्थी करीत.

मग लहान मुलांचे काय? शिकागोने त्याचे जे उत्तर दिले ते विचार करण्याजोगे आहे. तेथे मुलांसाठी एक स्वतंत्र इमारत होती आणि तीत बफेलो शहरातील फिच पाळणाघराच्या व्यवस्थेखाली एक नमुनेदार पाळणाघर चालवले गेले. आईने बाळ तेथे ठेवावे, निर्वेधपणे प्रदर्शन पाहावे आणि जाताना बाळ परत न्यावे. थकलेल्या प्रौढाला चाके मिळाली. बालकाला मात्र आनंदाच्या वाटेवरून बाजूला ठेवण्याची सोय मिळाली. त्या काळच्या मानाने ही व्यवस्था मोठ्या कनवाळूपणाची होती, आणि आईच्या मोकळ्या हातांचा विचार तीत होता हे विसरता येत नाही. पण लहान मूल ही प्रदर्शनाच्या मार्गातील अडचण आहे, हे गृहीतही तीत होतेच.

हे गृहीत मोडण्याचे श्रेय विसाव्या शतकातील क्रीडोद्यानांकडे जाते. एखाद्या कल्पनेभोवती सबंध नगरी रचावयाची, ही थीम पार्कची युक्ती. वॉल्ट डिस्ने सांगत असत की, आपल्या दोन मुलींना घेऊन ते लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि ते स्वतः बाकावर बसून राहत. पालक आणि मुले यांना एकत्र रमता येईल अशी जागा हवी, हा विचार त्या बाकावर जन्मला. कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे संत्र्यांच्या बागांच्या १६० एकर जागेवर १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. मध्यभागी चौक आणि तेथून निरनिराळ्या विभागांकडे फुटणाऱ्या वाटा, अशी त्याची रचना. माणूस चुकू नये आणि पायपीट कमी व्हावी, हा तीमागील हेतू. बॅरी यांच्या पीटर पॅनवर आधारलेली एक सफरही तेथे पहिल्या वर्षापासून होती.

परंतु आराखडा कितीही शहाणा असो, ऊन आणि गर्दी यांच्यापुढे पाय हे पायच. उद्घाटनाचा तो रविवार विलक्षण उष्णतेचा होता. नव्याने घातलेले डांबर मऊ पडून स्त्रियांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतल्या. नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे चालू नव्हते. अशा दिवशी कडेवर मूल घेऊन उभे राहणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. तरीही दोन महिन्यांच्या आत दहा लाखांवा पाहुणा तेथे येऊन गेला. सबंध कुटुंबाने सबंध दिवस एका ठिकाणी घालवावयाचा, ही नवी रीत रुजली. आणि या रीतीत बाळाला बाजूला ठेवण्याची कल्पना बसत नव्हती. अशा उद्यानांच्या प्रवेशद्वाराजवळ भाड्याच्या गाड्या हा नेहमीचाच देखावा होऊन बसला.

आता उणीव होती ती घरून नेता येईल अशा गाडीची. ती एका विमानतंत्रज्ञाने पुरी केली, हा इतिहासातील एक सुखद योगायोग आहे. ओवेन मॅक्लॅरन या इंग्रज अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध स्पिटफायर विमानाच्या उतरण्याच्या चाकांच्या रचनेवर काम केले होते. हवेत असताना पोटात दुमडणारी आणि जमिनीवर येताना भार पेलणारी चाके, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. निवृत्तीनंतर त्यांच्या दृष्टीस पडली ती प्रवासात जड बाबागाडीपायी होणारी आपल्याच मुलीची ओढाताण, असे सांगतात. अॅल्युमिनिअमच्या पोकळ नळ्या, त्यांच्यावर पट्टेदार कापड, आणि छत्रीसारखी एका हाताने मिटणारी घडी, अशी गाडी त्यांनी योजली. १९६५ साली तिच्या पेटंटाचा अर्ज झाला, १९६७ साली ती विक्रीस येऊ लागली. वजन अवघे ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलोंच्या आसपास, नवजात बालकाइतके. गाडी आता खांद्यास अडकवून आगगाडीत, मोटारीत, विमानात नेता येऊ लागली. केंटच्या गाडीला जनावर लागे, दाईच्या गाडीला बाग लागे. या गाडीला फक्त एक मोकळा हात पुरे झाला.

गाडी हलकी झाली आणि उद्याने पसरली. फ्लॉरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. तेथील पहिले उद्यान १०७ एकरांचे. त्याच परिसरात १९८२ साली उघडलेले एप्कॉट सुमारे ३०० एकरांचे असून त्यातील देशोदेशींच्या दालनांची एकच प्रदक्षिणा जवळजवळ दोन किलोमीटरांची होते. हे अंतर प्रौढाला फारसे वाटत नाही. पण प्रौढ जेथे एक पाऊल टाकतो तेथे तीन वर्षांचे मूल दोन-अडीच टाकते, आणि मध्येच फुगेवाल्याकडे, कारंज्याकडे, मागे राहिलेल्या चिमणीकडे धावते ते वेगळेच. या उद्यानांत तीन वर्षांखालील मुलाला तिकीट पडत नाही. ज्याला दाराशी पैसे पडत नाहीत, त्याचीच किंमत दिवसभर घरच्यांच्या खांद्यांना मोजावी लागते!

साहजिकच गाड्यांची संख्या वाढली, आणि त्यांचे आकारही. जुळ्यांच्या रुंद गाड्या आल्या, मुले आणि सामान एकत्र भरून ओढावयाचे छकडे आले. अखेर १ मे २०१९ पासून डिस्नेच्या अमेरिकेतील उद्यानांनी मर्यादा घातली: रुंदी ३१ इंचांपेक्षा आणि लांबी ५२ इंचांपेक्षा अधिक असलेली गाडी आत येणार नाही, आणि छकड्यांना तर मुळीच प्रवेश नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस कॅलिफोर्नियात एक मोठा नवा विभाग उघडणार होता आणि गर्दी अपेक्षित होती. दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या पदपथावर जी कुरकुर झाली, तिचे हे कायद्यासारखे रूप म्हणावयास हरकत नाही. ज्या साधनाने एका कुटुंबाची वाट मोकळी होते, त्यानेच दुसऱ्याची वाट अडू शकते. म्हणून गाडी नेण्याच्या हक्काबरोबर तिच्या मापाची जबाबदारीही येते.

मराठी माणसाच्या आठवणीत करमणुकीची जागा म्हणजे जत्रा. तेथे बाबागाडी नव्हती, आणि तिची अडचणही कोणाला भासली नाही. मूल बैलगाडीतून गावापर्यंत येई आणि पुढे बापाच्या खांद्यावर बसून पाळणे नि रेवड्यांची दुकाने पाही. खांद्यावरून देखावा उत्तम दिसतो, हे खरे. पण याचे कारण केवळ परंपरा नव्हे. धुळीची, खडकाळ, चढउताराची वाट चाकांना मानवत नाही. बाबागाडीला आधी फरसबंद रस्ता लागतो. शिवाय बरोबर काका, मामा, आत्या, मावश्या असा गोतावळा असे. मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाई. आज वाट सपाट झाली आणि खांदे मोजकेच उरले. १९८९ साली मुंबईजवळ गोराईस सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डला पुष्कळ मंडळी खाडी लाँचने ओलांडून जात; तेथे चढउतार करताना घडीची गाडी असणे आणि अवजड गाडी असणे यांत किती फरक पडतो, हे ज्याने केले त्यालाच कळे. हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत पाहुण्यांना बसमधून फिरवतात. तेथे गाडी वारंवार मिटावी लागते. खोपोलीजवळ २०१३ साली उघडलेल्या इमॅजिकासारख्या थीम पार्कात मात्र उन्हाच्या दिवशी चालणे बरेच. स्थळ बदलले की उत्तर बदलते.

हा सारा इतिहास ध्यानी घेता निर्णयाच्या कसोट्या आपोआप पुढे येतात. पहिली कसोटी अशी की, मूल चालू शकते काय हे सकाळी नऊच्या हिशोबाने न पाहता सायंकाळी सहाच्या हिशोबाने पाहावे. ज्या मुलाला दुपारची झोप अजून लागते, त्याच्यासाठी गाडी म्हणजे वाहन आणि अंथरूण दोन्ही होय. दुसरी कसोटी वाटेची: फरसबंदी असेल तर गाडी, पायऱ्या, वाळू वा पाण्याचे खेळ असतील तर झोळी अथवा कडेवर. तिसरी गाडीच्या प्रकाराची: हलकी, घडीची आणि उद्यानाच्या मापात बसणारी असावी. चौथी कसोटी भाड्याच्या गाडीची. ती सोयीची खरी, परंतु डिस्नेच्या उद्यानांत ती दाराबाहेर नेता येत नाही. दारापासून वाहनतळापर्यंतचा, म्हणजे सर्वांत थकलेल्या वेळचा, रस्ता पुन्हा कोणाच्या तरी खांद्यावरच येतो. ज्या घरात आई एकटीच दोन मुलांना घेऊन निघाली आहे, तेथे या चौथ्या कसोटीने प्रश्न मिटतोच.

गाडीच्या विरुद्ध बाजूचेही म्हणणे खोटे नाही. पायांना चालण्याची सवय हवी. गाडीत जखडलेले मूल गर्दीच्या कमरेखालचे जगच पाहत राहते. पण गाडी बरोबर असणे आणि मूल दिवसभर तीत असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मुलाने चालावे, गाडीने मागून यावे. पाय थकले की बसावे, उत्साह आला की उतरावे. उन्हाच्या वेळी गाडीवर जाड कापड टाकून ती झाकण्याचा मोह मात्र टाळावा. आत हवा कोंडते आणि उष्णता वाढते. खेळाच्या रांगेत गाडी न्यावयाची नसते. ती नेमून दिलेल्या जागी ठेवावी, तिच्यावर ओळखीची एखादी रंगीत फीत बांधावी, आणि मोलाची वस्तू तीत ठेवू नये. जेथे उंचीची अट असल्याने लहानग्याला खेळात प्रवेश नाही, तेथे एका पालकाने आत जावे, दुसऱ्याने मुलाजवळ थांबावे आणि मग पुन्हा रांग न धरता अदलाबदल करावी, अशी सोय मोठ्या उद्यानांनी केलेली असते. अशा वेळी बाहेर थांबणाऱ्याच्या शेजारी झोपलेले मूल गाडीत असेल, तर ते थांबणेही विसाव्याचे होते.

शिकागोच्या प्रदर्शनात आईला मोकळे व्हावयाचे तर बाळ दाराशी ठेवावे लागे. आज ती बाळासह आत जाते आणि दिवे लागेपर्यंत राहू शकते. मधल्या काळात बालकांचे पाय काही बळकट झाले नाहीत आणि आईच्या पाठीला नवा कणा फुटला नाही; चाके हलकी झाली, एवढेच. म्हणून आदल्या रात्री घरात हा प्रश्न निघेल तेव्हा लोक हसतील की काय याचा विचार शेवटी करावा. आधी उद्यानाची वाट किती लांब आहे ते पाहावे, आणि परतीच्या वेळी ते मूल कोणाला उचलावे लागणार आहे, हे त्या व्यक्तीलाच विचारावे.